नववी अ ची शांतता

जागतिक शांततेच्या कार्यात सोलापूर शहराचा वाटा फार मोठा आहे. इतिहासात याची नोंद सापडत नाही, कारण इतिहास लिहिणारी माणसं सोलापूरच्या उन्हात फार वेळ थांबत नाहीत. पण १९७६ सालच्या फेब्रुवारीत नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या बालोद्धार प्रशालेत जे घडलं, त्याचा अहवाल थेट डेन्मार्कला गेला आणि तिथं तो छापूनही आला. आपण जगासाठी काही करतो आहोत याची प्रशालेत कोणालाच कल्पना नव्हती. त्यांना वाटत होतं, आपण पोरांना गप्प बसवतो आहोत.

मुख्याध्यापक रुद्रप्पा कोनापुरे यांना सगळे हेडसर म्हणत. त्यांनी शिक्षकांना खोलीत बोलावलं, चष्मा पुसला आणि परिपत्रक वाचायला घेतलं.

"आंतरराष्ट्रीय शांतता शिक्षण उपक्रमांतर्गत सदर प्रशालेची निवड करण्यात येत असून, शांतता शिक्षणात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग कितपत आहे, याची पाहणी करण्यासाठी डेन्मार्क देशातील तज्ज्ञ बाई पंधरा दिवसांनी भेट देतील." हेडसर थांबले. "कळलं का? शांतता शिक्षण. म्हणजे पोरांना गप्प बसायला शिकवायचं. बरोबर हाय की नाही?"

कोणी नाही म्हणालं नाही. हेडसरांच्या डोक्यावर भिंतीवर 'शांतता राखा' असं लाल रंगात रंगवलेलं होतं. ते प्रत्येक वर्गात होतं, जिन्यात होतं आणि मुतारीतही होतं. शिवाय त्या वर्षी देशभर कमी बोलायचं आणि जास्त काम करायचं ठरलेलं होतं. दिल्लीपासून बोळापर्यंत गप्प बसण्याला बरे दिवस आले होते. सरकारनं आता त्याचं शिक्षणही काढलं असेल, तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

शंका काढली ती इंग्रजीच्या मोहोळकर सरांनी. शंका काढणं ही त्यांची सवय होती. "ते ठीक हाय हेडसर. पण सक्रिय सहभाग? गप्प बसण्यात सक्रिय काय व्हायचं?"

"सोपं हाय की," इतिहास-भूगोलाचे हत्तुरे सर म्हणाले. "एक पोरगं गप्प बसलं तर ती शिस्त. सगळा वर्ग मिळून गप्प बसला तर तो सहभाग."

"आणि सक्रिय?"

"मनापासून."

हेडसरांनी टेबलावर हात मारला. "झालं! हत्तुरे सर, हे काम तुमचं. नववी अ घ्या." मग ते पुढचं वाचू लागले आणि हत्तुरे सर खुर्चीत सरळ झाले. परिपत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं की उत्कृष्ट काम करणाऱ्या एका व्यक्तीस कोपनहेगन येथे समुद्रकिनारी भरणाऱ्या परिषदेस पाठवण्यात येईल.

चनबसप्पा हत्तुरे अठरा वर्षं भूगोल शिकवत होते आणि त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. भरती-ओहोटी ते पितळी परातीत पाणी हलवून शिकवत. एकदा प्रशालेची सहल रत्नागिरीला निघाली होती, पण एस.टी. कोल्हापूरच्या पुढं बंद पडली आणि सहलीला पन्हाळ्यावर समाधान मानावं लागलं. मागच्याच वर्षी एका पोरानं भर वर्गात विचारलं होतं, "सर, समुद्र तुमी बघितलाय का हो?" त्यावर ते म्हणाले होते, "पुढचा धडा काढा." पण तो प्रश्न त्यांच्या छातीत माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. मासाही त्यांनी कधी खाल्लेला नव्हता.

"समुद्र बघायला एवढं लांब कशाला जायचं?" घरी ईरम्मा म्हणाली. "रत्नागिरी काय वाईट हाय?"

"रत्नागिरीला पाठवतंय कोण?"

"ते बी खरं. जावा मग डेन्मार्कला. पण तितं खायला काय मिळतं?"

"मासे."

"अय्यो शिव!" म्हणून ईरम्मानं त्याच दिवशी शेंगा भाजायला घेतल्या. नवरा लिंगायत, देश परका. चटणी तरी भरपूर असायला हवी. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं, की हत्तुरे मास्तर परदेशी चालले.

दुसऱ्या दिवशी हत्तुरे सरांनी नववी अ ला गप्प बसायला सांगितलं. वर्ग तासभर हसत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की जो पाहुण्या बाईंसमोर तोंडातून आवाज काढणार नाही, त्याला भूगोलाच्या तोंडी परीक्षेत पुरे गुण. तोंडी परीक्षेत गप्प बसून गुण मिळण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे पोरं एकदम गंभीर झाली.

पण पोरं गप्प बसली आणि मग बाकीचं सगळं ऐकू येऊ लागलं. बाकं करकरत होती, त्यांना गोडेतेल घातलं. खडू फळ्यावर किंचाळत होता, तो पाण्यात बुडवून वापरायला सुरुवात केली. शिपायानं घंटेच्या दांड्याला जुनी बंडी गुंडाळली, त्यामुळे तास संपल्याचं फक्त शिपायाला कळू लागलं. एवढं झाल्यावर राहिला भिंतीपलीकडचा यल्लय्या गाजूल याचा यंत्रमाग. तो सकाळपासून खटाखट-खटाखट असा चाले, की पहिल्या बाकावरच्या पोरांचे दात त्याच तालावर वाजत.

"मास्तर, माग बंद ठेवला तर चादर कोण विणणार? तुमी विणणार का?" यल्लय्या म्हणाला.

"एक तासाचा प्रश्न हाय यल्लय्या. देशाचं काम हाय."

"देशाचं काय बी असू द्या. माजा पोरगा सातवीत दोनदा बसला, त्याचं काय ते बोला."

हत्तुरे सरांनी हेडसरांकडे जाऊन बोलणी केली. हेडसर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शांततेसाठी थोडा त्याग करावाच लागतो." यल्लय्याचा पोरगा आठवीत गेला.

त्यानंतरच्या सोमवारी एक बाई प्रशालेत शिरली. डोक्यावरचा पदर सावरत, एका पोराला दंडाला धरून ती थेट नववी अ च्या दारात उभी राहिली. ती चंद्रव्वा, आणि तो तिचा मुलगा बिरप्पा.

"कुटं हाय तो गप बशिवणारा मास्तर?"

"मी. काय झालं बाई?"

"काय झालं? माजं पोरगं मुकं झालं की हो! दोन दिस झालं, एक शबुद न्हाय. भाकरी वाढू का म्हटलं तर नुसती मान हालवतंय. काल शेजारच्या म्हशीनं पायावर पाय दिला, तरी 'आई गं' म्हटलं न्हाय! सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन अंगारा लावून आणला मी."

हत्तुरे सरांचे डोळे चमकले. "म्हशीनं पाय दिला?"

"व्हय!"

"आणि हा ओरडला नाही?"

"न्हाय म्हंते की!"

"कितव्या बाकावर बसतोस रे?" हत्तुरे सरांनी बिरप्पाला विचारलं. बिरप्पानं चार बोटं दाखवली. त्याच क्षणी त्याला उचलून पहिल्या बाकावर, येडू नावाच्या पोराच्या शेजारी बसवण्यात आलं.

हे सरकारी शिक्षण आहे, हे हेडसरांनी चंद्रव्वाला समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गप बसायचं शिक्शान व्हय? मग ह्येच्या बापाला बी घाला की नववीत."

आणखी एक घोटाळा संस्थेच्या अध्यक्षांनी केला, पण त्यात त्यांचा दोष नव्हता. मल्लिकार्जुनअण्णांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं. पुण्याहून शिक्षण खात्याचा फोन प्रशालेत फोन नसल्यामुळे तिथंच येई. लाइनीवर खरखर होती. "पीस एज्युकेशनच्या मॅडम येतायत," एवढं त्यांना ऐकू आलं.

"कशाचं पीस?" अण्णांनी ओरडून विचारलं. तेवढ्यात फोन कटला.

तीस वर्षं कापडाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला पीस म्हणजे काय हे फोनवर विचारावं लागत नाही. ब्लाउजपीस. परदेशातून एक बाई सोलापूरचं कापड बघायला येते आहे, याचा त्यांना अभिमान वाटला आणि त्यांनी दुकानातले उत्तमातले उत्तम नग बाजूला काढून ठेवले.

ठरलेल्या दिवशी सकाळी जीपमधून पाहुण्या उतरल्या. किर्स्टेनबाई उंच होत्या, केस पांढरे होते आणि पायात साध्या चपला होत्या. त्यांच्याबरोबर विस्तार अधिकारी जेऊरकर साहेब होते. ते पाहणीचे कागद बघणार होते आणि पाहणी झाली असं लिहिणार होते. हेडसरांनी हात जोडले आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. रांगेतल्या पोरांनी आवाज न करता हात जोडले. बोळाच्या तोंडाशी चिंचा-बोरं विकणाऱ्या फुलाबाईला सुद्धा तंबी दिलेली होती. ती टोपलीपुढं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसतीच डोळे वटारून बघत होती.

मोहोळकर सर दुभाषे होते. बाई काही विचारत, की ते त्यांच्या कानाशी लागून कुजबुजत. थोड्या वेळानं बाईसुद्धा कुजबुजू लागल्या. आपण कोणाच्या तरी दुखवट्याला आलो आहोत, असा त्यांचा समज झाला असावा.

"इज समवन इल?" त्यांनी हळूच विचारलं.

"नो, नो मॅडम," मोहोळकर कुजबुजले. "एव्हरीबडी इज इन पीस."

हे ऐकताच मल्लिकार्जुनअण्णा पुढं झाले. शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी कापडाची थप्पी बाईंच्या हातावर ठेवली. "मॅडम, सोलापूरचं पीस."

बाईंनी एक हात छातीवर ठेवला. "पीस!"

"हां, पीस. टू बाय टू सुताचं. धुतलं तरी जात नाही."

मोहोळकरांनी शेवटच्या वाक्याचं भाषांतर केलं. बाईंना ते फार आवडलं. "टू बाय टू," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

जेवण हत्तुरे सरांच्या घरी होतं. ईरम्मानं शेंगापोळ्या केल्या होत्या आणि वर तूप वाढण्याच्या बाबतीत ती कोणाचंच ऐकत नसे. किर्स्टेनबाईंनी एक पोळी खाऊन हात जोडले. जेऊरकर साहेबांनी "नको, नको" म्हणत सुरुवात केली आणि "बास, बास" म्हणत पाचवी घेतली.

"साहेब, तिकडची निवड कोण करणार म्हणे?" हत्तुरे सरांनी ताकाचा पेला पुढं करत सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाईच करणार हो. आपल्या हातात काय हाय?" जेऊरकर साहेब म्हणाले. "आपल्या हातात हे," आणि त्यांनी पेला घेतला.

दुपारी दोन वाजता नववी अ मध्ये शांतता शिक्षण सुरू झालं. किर्स्टेनबाई समोर बसल्या, मोहोळकर त्यांच्या शेजारी. हेडसर आणि अण्णा दाराशी. हत्तुरे सर फळ्याजवळ उभे. जेऊरकर साहेबांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. वीस वर्षांच्या तपासणीत त्यांनी पाठ ताठ ठेवून आणि हात मांडीवर ठेवून झोपण्याची विद्या मिळवलेली होती. एवढी शांतता त्यांना नोकरीत कधी लाभली नव्हती. दोन मिनिटांत ते गाढ झोपले.

माग बंद होता. बाकं तेल पिऊन मऊ झाली होती. वर्ग मनापासून, सगळे मिळून, गप्प बसला होता. हत्तुरे सरांच्या डोळ्यांपुढं निळं पाणी लखलखत होतं.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्या मोहोळकरांच्या कानाशी लागल्या. मुलं काही करून दाखवणार आहेत का?

"दे आर डूइंग इट, मॅडम."

बाईंनी पुन्हा वाट पाहिली. शेवटी त्या स्वतःच उठल्या, वर्गाकडे पाहून हसल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "व्हॉट... इज... पीस?"

पोरांना पहिले दोन शब्द कळले नाहीत. तिसरा कळला. पहिल्या बाकावर येडू बसला होता. हा सोपा प्रश्न होता आणि उत्तर देताना तोंडातून आवाजही काढावा लागणार नव्हता. त्यानं भूगोलाचं पुस्तक उघडलं, समुद्रप्रवाहांच्या धड्यातून एक मोरपीस काढलं आणि बाईंसमोर उंच धरलं.

"ओह!" किर्स्टेनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला.

शेजारी बसलेल्या बिरप्पाचा मात्र चेहरा काळवंडला. त्या मोरपिसाचा एका बाजूचा निळा डोळा उंदरानं कुरतडलेला होता. तसं मोरपीस उभ्या सोलापुरात एकच होतं, आणि ते दिवाळीपासून हरवलं होतं. एरवी बिरप्पा "चोरा, माजं हाय त्ये!" असं ओरडला असता, येडू "तुज्या बापाचं हाय का?" म्हणाला असता, आणि प्रकरण शिव्यांवर निभावलं असतं. पण बिरप्पा म्हशीखालीही न बोललेला मुलगा होता. तो उठला आणि त्यानं येडूच्या कानाखाली लावली.

चपराकीचा जेवढा आवाज होतो तेवढा झाला. बाकी काही नाही.

येडूनं बिरप्पाचे केस धरले. मागच्या बाकावरून ज्ञानबा येडूच्या मदतीला आला. ज्ञानबा आला म्हणून त्याचे तिघे वैरी आले. बघता बघता नववी अ दोन बाजूंना वाटली गेली आणि तुंबळ मारामारी सुरू झाली, अगदी चिडीचूप. पोरं एकमेकांना गुद्दे घालत होती आणि गुद्दे खाणारी ओठ घट्ट मिटून घेत होती. कोणाच्या तरी कोपरानं शाईची दौत कलंडली. ती जमिनीवर पडण्याआधी एकानं आपली मारामारी सोडून ती झेलली, बाकावर ठेवली आणि पुन्हा मारामारीला लागला. दुसऱ्या एकानं वैऱ्याला बाकावर आपटण्याआधी खाली दप्तर सरकवलं.

हत्तुरे सरांना कोपनहेगनचा किनारा मागं मागं सरकताना दिसला. ओरडावं तर शांतता भंग होणार. त्यांनी हात हलवले, डोळे मोठे केले, फळा पुसायचं डस्टर दाखवलं. कोणी बघितलं नाही. शेवटी ते स्वतःच मध्ये घुसले. बरगडीत एक गुद्दा बसताच त्यांच्या तोंडून "अरे!" असं निघून गेलं. तत्क्षणी सगळा वर्ग थांबून त्यांच्याकडे वळला. बिरप्पानं, येडूची मान न सोडता, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून सरांना गप्प राहायला सांगितलं. मग मारामारी पुढं चालू झाली.

पण ती फार टिकली नाही. मारामारीला खरा जोर शिव्यांचा असतो. कोण कोणाला कशासाठी मारतो आहे हे मोठ्यांदा सांगितल्याशिवाय मारणाऱ्याला हुरूप येत नाही. मागून आलेल्या पोरांना आपण कोणाच्या बाजूनं लढतो आहोत हे विचारता येत नव्हतं, आणि ती एकेक करून कंटाळून जाग्यावर बसू लागली. शेवटी बिरप्पा आणि येडू उरले. येडूनं भुवया उडवून विचारलं, काय? बिरप्पानं मोरपिसाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. येडूनं विचार केला. त्यानं दोन पेरू देऊन ते मोरपीस ज्ञानबाकडून घेतलेलं होतं. त्यानं ज्ञानबाकडे बोट दाखवलं. ज्ञानबा आढ्याकडे बघू लागला.

येडूनं मोरपीस बिरप्पाला दिलं. बिरप्पानं खाली पडलेलं येडूच्या सदऱ्याचं बटण उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं. ज्ञानबानं दप्तरातून एक पेरू काढून येडूपुढं सरकवला. दुसरा त्यानं खाल्लेला असावा. मग सगळे हाताची घडी घालून बसले.

किर्स्टेनबाई इतक्या भराभर लिहीत होत्या, की त्यांना डोळे पुसायलाही सवड नव्हती.

इतक्यात तास संपला आणि पलीकडे यल्लय्यानं माग सुरू केला. त्या खटखटाटानं जेऊरकर साहेब जागे झाले. त्यांनी समोर घडी घालून बसलेला वर्ग पाहिला. "छान," ते म्हणाले.

चहाच्या वेळी हेडसरांच्या खोलीत बाई बोलू लागल्या आणि थांबेचनात. मोहोळकर ऐकता ऐकता पांढरे पडत गेले. त्यांनी परिपत्रकाला टाचलेला इंग्रजी कागद पहिल्यांदाच नीट वाचला.

"काय म्हणतात बाई?" हत्तुरे सरांनी विचारलं.

"सर, घोटाळा झाला. बाई लढाईबद्दल बोलतायत. देशादेशांत भांडणं होऊ नयेत, पोरांनी एकमेकांशी बोलून, मिळून-मिसळून ते शिकावं, असला उपक्रम हाय हा. ती शांतता."

"मग आपण काय केलं?"

"आपण ही केली." मोहोळकरांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"अहो पण परिपत्रकात शांतताच लिहिलंय की!" हेडसर म्हणाले.

"ती पण शांतताच, हेडसर."

"आणि ही?"

"ही पण."

"दोन गोष्टींना एकच शब्द? मराठीला दुसरा मिळाला नाही व्हय?"

मल्लिकार्जुनअण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे कापडाचा काही संबंध नाही?" हत्तुरे सरांनी मनात हिशेब केला. परदेशातून बाई भांडणं मिटवायला आल्या, आणि आपण त्यांना आपल्या वर्गात एवढी मोठी मारामारी दाखवली. तीही इतक्या तयारीनं.

ईरम्माला ते पटलं नाही. "बाई जाताना माझा हात धरून रडल्या की हो. जिला राग आलाय ती बाई अशी रडती व्हय?" तिनं डेन्मार्कसाठी भरून ठेवलेला चटणीचा डबा उघडला नाही.

महिनाभरानं पत्र आलं. खात्यानं त्याचं मराठी करून पाठवलं होतं. हेडसरांनी सगळ्यांना पुन्हा खोलीत बोलावलं. मल्लिकार्जुनअण्णा शाल आणि नारळ घेऊनच आले होते, कारण प्रशालेची निवड झाल्याचं फोनवर कळलं होतं. या वेळी लाइन स्वच्छ होती.

"सोलापूरच्या या प्रशालेत," हेडसर वाचू लागले, "संघर्ष टाळला जात नाही, तर विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष घडू दिला जातो. विद्यार्थी शब्दांवाचून, कोणत्याही वडीलधाऱ्यांच्या मदतीवाचून तो मिटवतात. या पद्धतीस स्थानिक लोक टू बाय टू म्हणतात."

"बघा!" अण्णा म्हणाले.

हत्तुरे सरांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"मात्र," हेडसर पुढं वाचू लागले आणि त्यांचा आवाज बारीक झाला, "फळ्याजवळ उभे असलेले एक शिक्षक संघर्ष पाहून विचलित झाले व मध्ये पडले. विद्यार्थ्यांनाच त्यांना शांत करावं लागलं. या शिक्षकांस अधिक प्रशिक्षणाची गरज आहे."

खोलीत शांतता पसरली. कोणती, ते कोणी विचारलं नाही.

"पुढं वाचा की," हत्तुरे सर म्हणाले.

"परंतु त्या वर्गात एक व्यक्ती अशी होती, की जी एवढ्या संघर्षातही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, अढळ बसून राहिली. मुलांवर असा विश्वास टाकणारा माणूस आम्ही जगात कुठंही पाहिला नाही. परिषदेस त्यांनाच पाठवावं, अशी आमची आग्रहाची विनंती आहे."

हेडसरांनी कागद खाली ठेवला. "जेऊरकर."

"पण ते झोपले होते!" मोहोळकर म्हणाले.

"ते कुठं लिहिलेलं नाही."

अण्णांनी शाल आणि नारळ काखेत मारला आणि ते जेऊरकर साहेबांच्या घरी गेले. शाल परत दुकानात नेणं बरं दिसलं नसतं.

हत्तुरे सरांना पुढच्याच आठवड्यात प्रशिक्षणाचा आदेश आला. शिबिर जिल्ह्यातल्याच करकंब गावी होतं. "करकंब तर करकंब," ईरम्मा म्हणाली आणि तिनं चटणीचा डबा त्यांच्या पिशवीत घातला. "बाजार लई मोठा असतो तितला. येताना वांगी आणा." शिबिरात त्यांना मुलांच्या भांडणात मध्ये न पडण्याचं शिक्षण मिळालं. जेवणाच्या पंगतीत दोन शिक्षकांचं भाताच्या पातेल्यावरून भांडण झालं, तेव्हा ते मध्ये पडले नाहीत आणि त्यांना भात मिळाला नाही.

जेऊरकर साहेब नोव्हेंबरात कोपनहेगनला गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले. ते आल्याचं कळताच हत्तुरे सर सायकल काढून त्यांच्या कचेरीत गेले. साहेब चहा पीत होते. हत्तुरे सरांनी परिषदेचं विचारलं नाही, शांततेचंही विचारलं नाही.

"साहेब, समुद्र कसा होता हो?"

जेऊरकर साहेबांनी बशी खाली ठेवून आठवून पाहिलं.

"होता म्हणे हॉटेलच्या मागंच," ते म्हणाले. "पण बाहेर लई थंडी होती की हो. आमी काय पडदा उघडलाच नाही."